बाराशे कादंबऱ्या आणि लेखणीची मजुरी

लातूर हे डाळीचे गाव. तुरीच्या बाजाराचे आणि डाळ मिलचे गाव. गंजगोलाईतून फुटणारे सोळा रस्ते आणि त्या रस्त्यांवरून पोती वाहणारे हमाल, ही या गावाची जुनी ओळख. पुढे शिकवणी वर्गांनी गावाला दुसरी ओळख दिली. कादंबरीकाराचे गाव म्हणून मात्र लातूरचे नाव कोणी घेत नाही. तरीही मराठीत सर्वाधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक माणूस याच गावात 'एकमत' दैनिकाचा संपादक होता. त्यांचे नाव गुरुनाथ नाईक. घराणे मूळचे गोव्याचे. नोकरी वर्तमानपत्राची. आणि नावावर बाराशेहून अधिक रहस्यकथा!

आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना हे नाव सांगावे लागणार नाही. कॅप्टन दीप, गोलंदाज, शिलेदार, रातराणी ही नावे उच्चारली की त्यांच्या डोळ्यांपुढे भडक रंगाचे मुखपृष्ठ आणि आत पिवळट, खरखरीत कागद उभा राहील. तरुण वाचकांनी मात्र ही नावे बहुधा ऐकली नसतील. नाईक नोव्हेंबर २०२१ मध्ये पुण्यात वारले. वर्तमानपत्रांत बातमी आली, दोन दिवस आठवणी निघाल्या आणि विषय संपला. साहित्याच्या मोठ्या इतिहासात अशा लेखकाला फार तर एक ओळ मिळते. म्हणून त्यांच्याविषयी चार गोष्टी आपल्या घरात बोलल्या जाव्यात असे आम्हाला वाटते.

कोणी विचारील, आपल्या कुटुंबांचा या चोर-पोलिसांच्या पुस्तकांशी काय संबंध? आम्ही म्हणतो, फार जवळचा संबंध आहे. १९७० नंतरची पंधरा-वीस वर्षे आठवून पाहा. गावोगावी टीव्ही पोहोचला नव्हता. सिनेमा आठवड्याला परवडत नव्हता. घरात पुस्तक म्हणजे मुलांचे पाठ्यपुस्तक, तेही बहुधा थोरल्याचे धाकट्याला आलेले. सार्वजनिक वाचनालये होती. १९६७ साली राज्याने ग्रंथालयांचा कायदाही केला होता. पण वाचनालयाची पायरी चढायला अंगावर बरे कपडे लागतात आणि तिथला माणूस आपल्याला काय विचारील याचा धाक असतो, असे समजणारी माणसे आपल्या वस्तीत पुष्कळ होती. त्यांच्यासाठी एक दुसरे वाचनालय होते. बाजारातल्या एखाद्या बोळात, पानपट्टीच्या शेजारी चार फळ्यांचे दुकान. थोडी अनामत ठेवावी, रोजच्या भाड्याने पुस्तक न्यावे, वाचून झाले की परत करून दुसरे घ्यावे. तिथे जात विचारत नसत, शिक्षण विचारत नसत. पुस्तक वेळेवर परत येते की नाही एवढेच पाहत.

या दुकानांतून वाचणारा माणूस कोण होता? सातवीतून शाळा सुटलेला, हॉटेलात कपबशा विसळणारा मुलगा. रात्रपाळीचा पहारेकरी. एस.टी.चा वाहक. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी. त्यांच्यापैकी कित्येकांनी शाळा सुटल्यावर पहिल्यांदा जे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले, ते असले होते. वाचनाची सवय कशी लागते याचा विचार करा. अक्षर येणे ही एक गोष्ट आणि पुढे काय झाले या ओढीने पान उलटणे ही दुसरी. शाळा पहिली गोष्ट शिकवते, दुसरी शिकवतेच असे नाही. ज्याचे वाचन अडखळत आहे त्याच्या हाती जड ग्रंथ दिला तर तो दहाव्या पानावर मिटतो आणि 'हे आपले काम नव्हे' असे मनाशी धरून बसतो. रहस्यकथेत वाक्य लहान असते, प्रसंग वेगाने पुढे सरकतो आणि खुनी कोण हे कळल्याशिवाय झोप लागत नाही. अशी वीस पुस्तके वाचली की डोळ्यांना ओळीची सवय होते. मग तोच माणूस वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचतो, सभेचे पत्रक वाचतो, नोकरीचा अर्ज स्वतः लिहितो.

या पुस्तकांची आंधळी भलावण मात्र आम्हाला करायची नाही. पुष्कळ पुस्तकांची मुखपृष्ठे घरात उघड ठेवण्यासारखी नसत. बाईमाणूस त्यांत एक तर संकटात सापडलेले, नाही तर जाळे टाकणारे. नायक बहुधा गोरागोमटा, बंदूक चालवणारा, मोटारीतून फिरणारा. आपल्यासारखी कष्ट करणारी माणसे त्या कथांत क्वचितच दिसत, आणि दिसलीच तर दार उघडायला किंवा सामान उचलायला. आईबाप ही पुस्तके हातातून हिसकावून घेत, त्यामागे काळजी होती. परंतु हिसकावून घेतलेल्या पुस्तकाच्या जागी दुसरे कोणते पुस्तक दिले, हा प्रश्न फार थोड्या घरांनी स्वतःला विचारला. नुसते हिसकावले तर हात रिकामा राहतो. पूर्वी त्या रिकाम्या हातात पत्ते आले, आता मोबाईल आला आहे.

शिडीची पहिली पायरी म्हणून या पुस्तकांकडे पाहावे. दुसरी पायरीही त्याच काळात, त्याच स्टॉलवर मांडलेली होती. ती पायरी म्हणजे अण्णा भाऊ साठे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी जन्मलेल्या या माणसाने शाळेत जेमतेम दीड दिवस काढला. बापाबरोबर चालत मुंबई गाठली, पडेल ते काम केले, लाल बावट्याच्या कलापथकात डफावर थाप मारली आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहून तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या कादंबरीतही वेग आहे, पाठलाग आहे, दरोडा आहे, घोड्यावरून दौडणारा नायक आहे. रहस्यकथा वाचणाऱ्याला जे हवे ते सगळे आहे. पण 'फकिरा'तला नायक मांगवाड्यातला आहे. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी तो लुटतो आणि इंग्रज सरकारला आव्हान देतो. कॅप्टन दीपच्या मागे धावलेला वाचक फकिराच्या मागे सहज धावतो. धावता धावता त्याला कळते की हा आपल्याच मातीतला आहे. ही कादंबरी १९५९ साली आली आणि लेखकाने ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले, तिच्यावर चित्रपट निघाला. इतके होऊनही मोठमोठ्या समीक्षकांनी बराच काळ अण्णा भाऊंना 'लोकप्रिय' या शिक्क्याखाली बाजूला ठेवले. गरिबाने वाचलेले पुस्तक म्हणजे हलके पुस्तक, असा एक जुना हिशोब आहे. तो आपण तरी मान्य करू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बाराशे कादंबऱ्या म्हणजे किती काम? आपण मजुरीचा हिशोब करणारी माणसे आहोत. हाही करून पाहू. महिन्याला दोन कादंबऱ्या लिहिल्या तर बाराशेला पन्नास वर्षे लागतील. महिन्याला पाच लिहिल्या तर वीस वर्षे. एका कादंबरीची छापील शंभर पाने धरली तर महिन्याला पाचशे पाने, म्हणजे दिवसाला सोळा-सतरा पाने. रविवार नाही, सण नाही, आजारपण नाही. शिवाय वर्तमानपत्राची नोकरी वेगळी. विटा वाहणाऱ्याची पाठ दुखते, लिहिणाऱ्याची बोटे आणि डोळे जातात. अशा लेखकाला कल्पनेच्या आकाशात विहरणारा मनुष्य समजणे चूक आहे. तो उक्त्या कामावरचा कामगार आहे. इतक्या नगांचे इतके पैसे. नग थांबला की पैसा थांबला.

नाईकांच्या आधी बाबूराव अर्नाळकर होऊन गेले. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६, मृत्यू १९९६. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे. त्यांच्याही पुस्तकांची संख्या हजारावर जाते आणि त्याबद्दल गिनीज बुकात त्यांच्या नावाची नोंद झाली. घराघरात नाव पोहोचलेल्या या लेखकाचे मुंबईत चष्म्याचे दुकान होते. हजार पुस्तकांच्या धन्यालाही गल्ल्यावर बसणे सुटले नाही, एवढे त्यावरून समजून घ्यावे.

आणि गुरुनाथ नाईक? टीव्ही आला, भाड्याची वाचनालये एकामागून एक बंद पडली, रहस्यकथांचा बाजार उठला. म्हातारपणी नाईक आजारी पडले, पैशाची ओढाताण झाली, त्यांना मदत करा अशी आवाहने वर्तमानपत्रांतून आली. ज्याच्या पुस्तकांनी गावोगावची दुकाने चालली, त्याच्या औषधपाण्यासाठी हात पसरावा लागला. यात अमुक एकाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तो सगळा व्यवहारच तसा होता. पुस्तक भाड्याने शंभर वेळा फिरले तरी भाडे दुकानदाराला. त्यातला एक पैसाही लिहिणाऱ्याकडे जात नसे. पुस्तक जितके जास्त हातांत फिरे तितके लेखकाचे नाव मोठे होई, त्याचा खिसा मात्र होता तसाच राही.

परदेशातील एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. इंग्लंडात एडगर वॉलेस नावाचा रहस्यकथाकार होऊन गेला. जन्म १८७५, लंडनच्या ग्रीनिच भागात. लग्नाबाहेर जन्मलेले मूल. मासळी बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालाच्या घरी तो वाढला. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली, फौजेत भरती झाला, पुढे बातमीदार झाला. मग कादंबऱ्या लिहू लागला, त्या दीडशेच्या वर गेल्या. तो लेखनिकाला तोंडाने मजकूर सांगत जाई आणि कादंबरी थोड्या दिवसांत पुरी होई. १९०५ साली त्याने पहिली कादंबरी स्वतःच्या पैशाने काढली. तिच्यातले रहस्य ओळखणाऱ्यास बक्षीस लावले आणि बरोबर उत्तरे देणारे इतके निघाले की तो कर्जात बुडाला. पुढे अमाप पैसा मिळवला, तो घोड्यांच्या शर्यतीत आणि थाटामाटात उडवला. १९३२ मध्ये अमेरिकेत वारला तेव्हा डोक्यावर मोठे कर्ज होते. त्याचे वागणे अनुकरण करण्यासारखे नाही. परंतु पुढे काय झाले ते पाहा. पुस्तके विकली जात राहिली, त्यांचे मानधन येत राहिले आणि थोड्याच वर्षांत त्या मानधनातून सगळे कर्ज फिटले. म्हणजे लेखक मेल्यावरही त्याच्या लेखणीची मजुरी चालू राहिली, कारण पुस्तकांवरचा हक्क त्याच्या वारसांकडे होता.

हमालाच्या घरात वाढलेल्या मुलाच्या वारसांना जे मिळाले ते आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांना का मिळू नये? कायदा आपल्याकडेही आहे. १९५७ चा लेखाधिकार कायदा. यातील काही गोष्टी घरातल्या प्रत्येक लिहिणाऱ्याने पाठ कराव्यात अशा आहेत.

पहिली गोष्ट. कविता, गाणे, कथा, नाटक लिहून कागदावर उतरले की हक्क आपोआप लिहिणाऱ्याचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी असली तर वादाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते, इतकेच.

दुसरी गोष्ट. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. अर्नाळकरांचा २०५६ पर्यंत आणि नाईकांचा २०८१ पर्यंत. लेखकाची नातवंडे म्हातारी होईपर्यंत टिकणारी ही मिळकत आहे. शेत नसलेल्या माणसाचे हेच शेत समजावे.

तिसरी गोष्ट. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. तोंडी बोलण्याने हक्क जात नाही. कागदावर कोणती कृती, कोणता हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात हे लिहिलेले असावे. वर्षे लिहिली नसतील तर कायदा ती पाचच धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात त्याचा वापर केला नाही आणि करारात वेगळे काही ठरले नसेल तर त्या वापराचा हक्क लेखकाकडे परत येतो.

चौथी गोष्ट गाणी लिहिणाऱ्यांसाठी. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातील वा ध्वनिमुद्रिकेतील गीत पुढे इतर मार्गांनी वाजवून कमाई झाली, तर गीतकाराला मानधनाचा समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. चित्रपटगृहातल्या खेळांना तेवढे हे लागू नाही. हा वाटा सोडून दिला असे कागदावर लिहून घेतले तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. तो वाटा फक्त वारसाला किंवा गीतकारांच्या वतीने वसुली करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला देता येतो.

ही चौथी गोष्ट आपल्या समाजाला सर्वांत लागू आहे. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) मोठेपणी मुंबईत अक्षर गिरवले आणि नंतर हजारो गाणी रचली. त्यांच्या वाटेने गेलेले शाहीर आणि गायक नांदेड-लातूरच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. जयंतीच्या महिन्यात त्यांची गाणी गावोगाव कर्ण्यावर वाजतात. पूर्वी त्यांच्या कॅसेट निघाल्या, नंतर सीडी निघाल्या, आता ती मोबाईलवर लाखो लोक ऐकतात. पण गाणे लिहून देताना कागद झाला का? झाला तर त्यात काय लिहिले होते? पुष्कळांच्या बाबतीत उत्तर एकच. जाण्यायेण्याचे भाडे, हातावर थोडी रक्कम आणि गळ्यात हार. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. हक्क साठ वर्षे टिकतो.

काही जण म्हणतील, चळवळीच्या गाण्याचे पैसे कसले मागायचे? चळवळीसाठी गाणे फुकट द्यावे, जरूर द्यावे. पण ते आपण दिलेले असावे, कोणी घेतलेले नसावे. आणि चळवळीच्या नावाखाली धंदा करणाऱ्याला ते फुकट मिळू नये. मिलमधल्या बाईला दिवसाची मजुरी बुडाली तर आपण मालकाच्या दारात जाऊन बसतो. लिहिणाऱ्याची मजुरी बुडते तेव्हा मात्र 'त्याला नाव तर मिळाले' असे म्हणतो. नावाने किराणा येत नाही.

म्हणून वाचकांना आमच्या काही सूचना आहेत.

घरात कोणी लिहिणारे असेल, मुलगा असो, सून असो की म्हातारे आजोबा असोत, त्यांच्या वह्या एका पेटीत नीट ठेवा. प्रत्येक रचनेखाली तारीख आणि सही घालायला सांगा. गाणे वा पुस्तक कोणाला देताना साध्या कागदावर का होईना, पण दोन प्रतींत लिहून घ्या. एक प्रत आपल्याजवळ ठेवा. इंग्रजी करार समोर आला तर वस्तीतल्या एखाद्या वकिलाला किंवा शिकलेल्या मुलीला दाखवल्याशिवाय अंगठा-सही करू नका. वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. आपल्या गावातला कोणी शाहीर त्या वयाचा असेल तर त्याचा अर्ज भरून देणे हे तरुण मंडळाचे काम समजा. पंचायत समितीत चौकशी करा.

वाचणाऱ्यांनीही आपली बाजू सांभाळावी. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आपण पुस्तके पिशव्या भरून घेतो, याचा आम्हाला अभिमान वाटतो. घेताना एवढे पाहावे की पुस्तकावर प्रकाशकाचे नाव-पत्ता आहे की नाही. चोरून छापलेली प्रत चार पैशांनी स्वस्त पडते, पण त्यातले काहीच लिहिणाऱ्याच्या घरी पोहोचत नाही. आणि मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक दिसले तर ओरडू नका. ते वाचून होऊ द्या, मग त्याला विचारा, गोष्ट काय होती? त्याने सांगितली की दुसरे पुस्तक द्या, पहिल्यापेक्षा जरा वरच्या पायरीचे.

गुरुनाथ नाईकांची पुस्तके आज मिळणे अवघड आहे. जुन्या घरांच्या माळ्यावर, ट्रंकेत, रद्दीच्या गठ्ठ्यात एखादी प्रत निघते. लातूर-नांदेडच्या वाचकांपैकी कोणाकडे निघाली तर ती रद्दीत घालू नका. गावातल्या वाचनालयाला द्या आणि नोंदवहीत लेखकाचे नाव नीट लिहायला सांगा. बाराशे पुस्तके लिहिणाऱ्या माणसाचा एवढा तरी हिशोब चुकता व्हायला हवा.